चीजच्या पाकिटाची मागची बाजू

एलिमिनेशन डाएट म्हणजे संशयित पदार्थ काही आठवडे बंद ठेवून मग एकेक परत खाऊन पाहणे. यात चीज फसवते, कारण ‘दूध चालतं, म्हणजे चीजही चालेल’ हा हिशेब इथे जमत नाही. चीज मुरताना त्यातली प्रथिने फुटतात आणि टायरामिन व हिस्टामिन ही अमाइन्स आणि ग्लुटामेट वाढतात. लॅक्टोज मात्र जवळजवळ संपते. म्हणून जुने चेडार किंवा पार्मेझान लॅक्टोज न पचणाऱ्याला बहुधा सोसते, पण अमाइन्सचा त्रास असणाऱ्याला नाही. त्याच्यासाठी ताजे पनीर बरे.

मुरण्याचा काळ पाकिटावर क्वचितच असतो, घटकांची यादी मात्र असते. अक्षर मुंगीएवढे, तेव्हा चष्मा हवाच! त्रास वरून घातलेल्या द्रव्यांचाही असू शकतो, म्हणून यादीत त्यांचे आयएनएस क्रमांक (अन्नात मिसळलेल्या द्रव्यांचे संकेतांक) शोधा. १६०बी म्हणजे अ‍ॅनाटो, आपल्या शेंद्रीच्या बियांचा रंग. ‘नैसर्गिक’ म्हणून तो निर्धोक समजू नये. काहींना त्यानेही पित्त उठते. १६०ए हे कॅरोटीन, वेगळेच. २०० ते २०३ सॉर्बिक आम्ल व त्याचे क्षार, २३४ नायसिन, २३५ नॅटामायसिन, ही सगळी टिकवणारी द्रव्ये. प्रोसेस्ड चीजमध्ये ३३१ आणि ३३९ हे सायट्रेट-फॉस्फेटचे क्षारही असतात. किसलेल्या चीजला गोळे होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावतात. ठोकळा आणून घरी किसला की तो प्रश्न उरत नाही.

दुधाचीच खरी अ‍ॅलर्जी असेल, तर कुठलेच चीज घरी चाखून पाहू नका. ती चाचणी डॉक्टरांसमोरच व्हावी.