भायखळ्याचा तुरुंग आणि बेझ यांचे गणित

अशी कल्पना करा, की १८९७ सालचा फेब्रुवारी महिना आहे आणि तुमचे बिऱ्हाड गिरगावात फणसवाडीत आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले आहे. भायखळ्याला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगवर लस तयार केली आहे. १० जानेवारीला त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. टोचलेले आणि न टोचलेले असे साधारण सारखे दोन गट झाले. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला, त्यांतले ६ दगावले. टोचलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि दगावले कोणीच नाही.

थोरला भाऊ म्हणतो, "टोचून घेऊ या." आजोबा म्हणतात, "चौदा रोगी ते काय! योगायोग असेल." कोणाचे ऐकाल?

इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचा एक निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचार येथे उपयोगी पडतो. आधीचा विश्वास कितीही असो, नवा पुरावा मिळाला की तो किती बदलावा, हे गणिताने ठरवता येते.

समजा, लस निरुपयोगी आहे. मग प्रत्येक रोगी कोणत्या गटातला, हे नाणेफेकीसारखेच. १४ नाणी उडवून नेमके २ छापे १०,००० वेळांत सुमारे ५६ वेळा पडतात. उलट समजा, लशीने धोका चौथाईवर येतो. मग पाच रोग्यांत एकच टोचलेला असेल आणि तुरुंगातला निकाल १०,००० वेळांत सुमारे २,५०० वेळा मिळेल. म्हणजे हा पुरावा लशीच्या बाजूने सुमारे ४५ पट झुकतो.

आजोबांच्या मते लस उपयोगी असण्याची शक्यता दहात एक, म्हणजे १:९ होती. तिला ४५ ने गुणा. ४५:९, म्हणजेच ५:१. आता सहांत पाच शक्यता लशीच्या बाजूने झाली! मात्र कोणी १:९९ पासून सुरुवात केली, तर ४५:९९ एवढेच होईल. त्याने आणखी पुरावा मागितला, तर तो हट्टी ठरत नाही.

एक सावधगिरी हवी. आपण होऊन पुढे आलेले कैदी मुळातच अधिक धडधाकट असतील, तर तो दोष या गुणाकाराने जात नाही. म्हणून आज चाचणीतले गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडतात. २०२० साली फायझरच्या कोविड लशीच्या चाचणीत तसेच केले होते. तेथे १७० रोग्यांपैकी लस घेतलेले फक्त ८ होते आणि त्या निकालाचा अर्थ बेझ यांच्याच रीतीने लावला गेला.

आता तुम्ही १:३ पासून सुरुवात करा. उत्तर काय येते? आणि तुम्ही लस टोचून घ्याल का?