टाळ्या आणि मते

८ मे १९४५ रोजी युरोपातील महायुद्ध संपले आणि दोन महिन्यांच्या आतच, ५ जुलैला, ब्रिटनमध्ये पार्लमेंटची सार्वत्रिक निवडणूक झाली. युद्धकाळात देशाला धीर देणारे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल हे हुजूर पक्षाचे पुढारी होते. प्रचारासाठी ते जेथे जात, तेथे दुतर्फा लोकांची दाटी होई व टाळ्यांचा कडकडाट होई. अशा पुरुषाचा पक्ष हरेल, हे फारच थोड्यांच्या मनात आले.

परदेशांतील सैनिकांची मते येऊन पोहोचावयाची असल्यामुळे निकाल २६ जुलैला लागला. ६४० जागांपैकी मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या! पॉट्सडॅम येथील परिषद मध्येच सोडून चर्चिल लंडनला आले होते. तिकडे परत गेले ते नवे पंतप्रधान क्लेमंट अॅटली. याच अॅटलींच्या कारकीर्दीत, १९४७ साली, भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा पार्लमेंटने संमत केला. तेव्हा त्या दिवशीच्या मोजणीशी भारताचाही जवळचा संबंध होता.

हा निकाल अगदीच अनपेक्षित होता काय? नव्हता. गॅलप पद्धतीच्या मतचाचण्यांत मजूर पक्ष कित्येक महिन्यांपासून आघाडीवर दिसत होता आणि त्या वृत्तपत्रात छापूनही येत होत्या. पण त्यांवर विश्वास कोणी ठेवावा?

शितावरून भाताची परीक्षा होते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. तथापि सुगरण वरचेच शीत दाबून पाहत नाही. ती भात ढवळून मधले शीत काढते. मतचाचणी घेणाऱ्यालाही तसेच करावे लागते. स्त्रिया व पुरुष, तरुण व वृद्ध, श्रीमंत व मजूर हे देशात ज्या प्रमाणात असतील, त्याच प्रमाणात निवडून त्यांस प्रश्न विचारावे लागतात. रस्त्यावर जमलेली गर्दी ही केवळ वरवरची शिते. शिवाय टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कित्येकांना चर्चिलांचे आभार मानावयाचे होते. मत देताना मात्र त्यांना घरे आणि रोजगार यांची चिंता होती.

मते अचूक ओळखली, तरी सत्ता कोणाला मिळेल हे सांगता येतेच असे नाही. १९५१ साली मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते पडली व हुजूर पक्षाला त्याहून सुमारे दोन लाख कमी. तरीही जागा मिळाल्या मजूर पक्षाला २९५ आणि हुजूर पक्षाला ३२१. खाणी व कारखाने यांच्या भागांत मजूर पक्षाने मतांच्या राशी रचल्या होत्या; पण एका मतदारसंघात कितीही मते पडली, तरी जागा एकच.

म्हणून पुढे मतदान करून बाहेर पडणाऱ्यांनाच विचारण्याची पद्धत आली. शक्य तेथे मागच्याच निवडणुकीतील मतदान केंद्रांवर पुन्हा जाऊन लोकमत किती पालटले हे पाहतात, आणि मतदान संपल्यावर रात्री दहा वाजता अंदाज जाहीर करतात. ७ मे २०१५ च्या रात्री अशा अंदाजात लिबरल डेमोक्रॅट पक्षाला केवळ १० जागा दाखविल्या गेल्या. मागच्या वेळी या पक्षाच्या ५७ जागा होत्या! त्याचे माजी नेते पॅडी अॅशडाउन यांना हे मुळीच पटेना. अंदाज खरा ठरला तर आपण सर्वांदेखत आपली टोपी खाऊ, असे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले. मोजणी पुरी झाली, तेव्हा जागा भरल्या आठच.