गणित तेच, वाट जवळची

अँड्रॉइड फोनच्या ज्या भागात मूळ प्रणाली साठवलेली असते, तिथला ४ किलोबाइटचा प्रत्येक तुकडा वाचताना लिनक्स कर्नल त्याची ओळख पटवून घेतो. तुकड्यातल्या मजकुरावरून ठरावीक लांबीची एक संख्या काढायची, आधी नोंदवून ठेवलेल्या संख्येशी ती ताडून पाहायची आणि दोन्ही जुळल्या तरच तुकडा पुढे जाऊ द्यायचा. या संख्येला हॅश म्हणतात आणि ही राखण करणाऱ्या कर्नलमधल्या भागाला डीएम-व्हेरिटी. मूळ मजकुरात एका बिटाचा फरक पडला तरी हॅश ओळखू येणार नाही इतका बदलतो. म्हणून कुणी चोरपावलांनी प्रणालीत फेरफार केला, तर तो इथे पकडला जातो.

पण हिशेब होईपर्यंत वाचणाऱ्याला थांबावं लागतं. हा हिशेब बहुधा एसएचए-२५६ या पद्धतीने होतो. मजकुराचे ६४ बाइटचे ब्लॉक पाडायचे, ३२ बिटांचे आठ आकडे हाताशी ठेवायचे आणि प्रत्येक ब्लॉकसाठी त्या आकड्यांना फिरवण्याच्या, मिसळण्याच्या, बेरजेच्या ६४ फेऱ्यांतून काढायचं. ४ किलोबाइटच्या एका तुकड्यासाठी चार हजारांवर फेऱ्या होतात. शिवाय प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीचं उत्तर लागतं. त्यामुळे काम वाटून देऊन एकाच वेळी उरकण्याची सोय नाही. एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या एसएसएसई-३ किंवा एव्हीएक्स-२ सारख्या सूचनासंचांचा इथे काही अंशीच उपयोग होतो. फेऱ्यांना लागणारी सामग्री ते झपाट्याने तयार करतात, पण फेऱ्या मात्र एकामागून एकच चालतात.

म्हणून प्रोसेसर बनवणाऱ्यांनी ही गणितं थेट सिलिकॉनमध्ये उतरवली. इंटेलने २०१३ मध्ये अशा सात सूचना जाहीर केल्या. त्यातल्या चार जुन्या एसएचए-१ साठी आणि तीन एसएचए-२५६ साठी. यातली एक सूचना एसएचए-२५६ च्या दोन फेऱ्या एकदम करते. आर्मच्या ६४-बिटी आराखड्यातही तशा सूचना होत्या आणि आर्ड बीशूव्हेल यांनी २०१४ मध्ये त्यांचा वापर लिनक्समध्ये आणला. इंटेलच्या सूचनांसाठीचं काम तिथल्याच टिम चेन यांनी केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीत ते दाखल झालं. त्या सूचना असलेले गोल्डमाँट प्रोसेसर बाजारात आले ते त्यानंतर, आणि एएमडीचे रायझन २०१७ मध्ये. म्हणजे चिप हाती पडण्याआधीच कर्नल तिच्यासाठी तयार होता.

सूचना आहे, ती वापरायची, एवढं हे सोपं असतं तर सांगण्यासारखं फारसं काही उरलं नसतं. खरी कसोटी पुढे आहे. या सूचना १२८ बिटांच्या रुंद रजिस्टरांवर चालतात आणि त्या रजिस्टरांमध्ये त्या क्षणी आपल्याच एखाद्या प्रोग्रामचे आकडे असतात, गाण्याचे, चित्राचे, काहीही. कर्नल एरवी या रजिस्टरांना हातच लावत नाही. तो तसाच कम्पाइल केलेला असतो, म्हणजे प्रत्येक वेळी कर्नलमध्ये शिरताना ती जपून ठेवण्याचा खर्च पडत नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायचा तर आधी ओट्यावरची त्यांची अर्धवट तयारी न सांडता बाजूला ठेवावी लागते, तसंच हे. कर्नलला रुंद रजिस्टरं हवी असतील तर ‘कर्नल एफपीयू बिगिन’ या नावाचं फंक्शन बोलावून आधीचे आकडे सुरक्षित करावे लागतात आणि काम संपल्यावर ‘कर्नल एफपीयू एंड’ने ताबा सोडावा लागतो. मधल्या वेळात त्या प्रोसेसरवर दुसरं काम मध्ये घुसवता येत नाही. म्हणून हा काळ फार लांबवूनही चालत नाही, नाहीतर ज्या कामांना वेळेचं काटेकोर बंधन आहे ती खोळंबतात.

या ने-आणीचाही खर्च होता. पूर्वी असं प्रत्येक काम संपताच रजिस्टरं लगेच पूर्ववत केली जात. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून प्रोग्रामकडे परत जाण्याच्या क्षणापर्यंत ते पुढे ढकललं जातं. त्यामुळे एकापाठोपाठ अनेक हॅश काढायचे असतील तर तीच उलथापालथ पुन्हा पुन्हा होत नाही. काही प्रसंगी, विशेषतः एखादा इंटरप्ट मध्येच आला असताना, रजिस्टरं घेताच येत नाहीत. तेव्हा साध्या सी भाषेत लिहिलेला, कुठल्याही प्रोसेसरवर चालणारा कोड तेच काम करतो. दोन्ही वाटांनी आलेलं उत्तर शेवटच्या बिटापर्यंत एकच असायला हवं. वेगाच्या प्रत्येक नव्या वाटेबरोबर जुनी, संथ, भरवशाची वाटही राखली जाते, ही या कामातली मला सर्वांत आदर वाटणारी गोष्ट आहे.

यातली कुठली वाट घ्यायची, ते बरीच वर्षं प्राधान्याच्या अंकांनी ठरे. मशीन सुरू होताना कर्नल प्रोसेसरकडून त्याच्या क्षमतांची माहिती घेई आणि जमणाऱ्या सगळ्या पद्धती नोंदवे. इंटेल-एएमडीच्या मशीनवर एसएचए-२५६ च्या साध्या कोडला १००, एसएसएसई-३ ला १५०, एव्हीएक्सला १६०, एव्हीएक्स-२ ला १७० आणि खास हॅशसूचनांना २५०. ज्याचा अंक मोठा त्याला काम.

असेंब्लीत हाताने लिहिलेल्या कोडचा धोका कसा असतो, ते एसएचए-१ च्या एव्हीएक्स-२ आवृत्तीने दाखवलं. २०१४ मध्ये ती कर्नलमध्ये आली. वेग साधण्यासाठी ती पुढचा ब्लॉक आधीच वाचून ठेवत असे, अगदी मजकूर संपला असला तरीही. उत्तर बरोबरच येई, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पण मजकूर नेमका मेमरीच्या एखाद्या पेजच्या टोकाला संपला आणि पुढचं पेज जागेवर नसलं की कर्नलच कोसळे. २०१७ मध्ये हे उघड झालं. आधी ती आवृत्ती बंद केली गेली, मग दुरुस्त करून पुन्हा चालू केली गेली. उत्तर तपासणं पुरेसं नसतं, कोडने वाटेत कुठे कुठे हात घातला हेही तपासावं लागतं. २०१९ मध्ये गूगलमधल्या एरिक बिगर्स यांनी कर्नलच्या चाचण्यांत यादृच्छिक चाचण्यांची भर घातली. वाटेल त्या लांबीचा मजकूर घ्यायचा, त्याचे वेडेवाकडे तुकडे पाडायचे आणि वेगवान कोडचं उत्तर साध्या कोडशी ताडून पाहायचं. अशा चाचण्यांनी खऱ्या चुका शोधून दिल्या.

बिगर्स यांनीच आणखी एक युक्ती कर्नलमध्ये आणली. खास सूचना दिल्यावर तिचं उत्तर येईपर्यंत प्रोसेसर काही क्षण नुसता थांबतो. एकाच मजकुराच्या फेऱ्या साखळीत बांधलेल्या असल्या, तरी दोन वेगळ्या मजकुरांचा एकमेकांशी संबंध नसतो. मग एकाची फेरी अडली की दुसऱ्याची पुढे ढकलायची. फाइलींची शहानिशा करणाऱ्या एफएस-व्हेरिटीमध्ये सारख्या आकाराचे तुकडे ओळीने समोर येतात, त्यामुळे दोन-दोनच्या जोड्या सहज लावता येतात.

२०२५ मध्ये या सगळ्या मांडणीची फेररचना सुरू झाली. प्राधान्याचे अंक आणि नावावरून पद्धत शोधण्याचा प्रपंच मागे ठेवून, एसएचए-२५६ चे प्रोसेसरनिहाय कोड कर्नलच्या एका साध्या लायब्ररीत आणले गेले. ज्याला हॅश हवा त्याने सरळ फंक्शन बोलवायचं. कुठला कोड चालवायचा ते लायब्ररी मशीन सुरू होतानाच ठरवून ठेवते. २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष उघडकीस आल्यापासून पत्ता पाहून मारलेल्या अप्रत्यक्ष उड्या महाग झाल्या होत्या, त्याही यात वाचतात. मला ही फेररचना मनापासून पटते. सुरक्षिततेच्या कोडपर्यंत पोचायला जितके थर ओलांडावे लागतात, तितक्या चुकायच्या जागा वाढतात. शिवाय आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याला रजिस्टरांचा हा सगळा खटाटोप माहीत नसला तरी चालतं.