मांडणी आपल्या हाताची

दुसरीच्या स्वयंपाकघरात चहा करायची वेळ आली की काय होतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. साखर असते, चहा असतो, गाळणंही असतं. पण आपला हात जातो तिथे नेमकं काहीच नसतं! कॉम्प्युटरचंही अगदी तसंच. आत काय चालतं ते आपण कधी बघत नाही. आपला संबंध येतो तो समोरच्या मांडणीशी. मेनू कुठे, फाइल कुठे, बंद करायचं बटण कुठे, या सगळ्या मांडणीला म्हणायचं डेस्कटॉप.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज १०'चा नेहमीचा आधार थांबवला. बरेच जुने कॉम्प्युटर 'विंडोज ११'च्या अटींत बसत नाहीत. मग सल्ला मिळतो, "नवीनच घ्या आता!" चांगलं चालणारं मशीन भंगारात द्यायचं आणि वर हजारो रुपये मोजायचे, हे कुठल्या बाईला पटेल?

अशा वेळी कामाला येतं लिनक्स. ते बहुतेक रूपांत फुकट मिळतं आणि खुलं असतं. खुलं म्हणजे काय, तर त्याची पाककृती कुणी दडवून ठेवलेली नाही. कुणीही वाचावी, बदलावी, शेजारणीला द्यावी. गंमत अशी, की इथे मांडणी एकच नसते. अनेक असतात, आणि आपली आपण निवडायची असते.

जितक्या बायका तितकी मतं

पुण्यात लिनक्स वापरणाऱ्या ओळखीच्या काहीजणींना विचारलं. कोथरूडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू 'लिनक्स मिंट'च्या 'सिनॅमन' मांडणीवर खूश आहेत. "खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. दोन दिवसांत हात बसला बघ," म्हणाल्या. त्यांच्या कॉलेजातल्या भाचीला मात्र 'ग्नोम' आवडतं. "पडदा कसा मोकळा! एक बटण दाबायचं, नाव टाइप करायचं, की उघडलं." काकूंना तोच मोकळा पडदा ओकाबोका वाटतो.

सदाशिव पेठेत शिवणक्लास चालवणाऱ्या ताईंचं मशीन चांगलं दहा वर्षांचं. त्यांनी 'एक्सएफसीई' ही हलकी मांडणी घेतली. "दिसायला साधी आहे, पण कुरकुर करत नाही," हे त्यांचं प्रशस्तिपत्र! आणि 'केडीई प्लाझ्मा'वाली म्हणाली, "यात हवं ते बदलता येतं. तेच करत बसले आणि रविवार गेला की माझा!"

मोठ्यांचीही भांडणं

ही आवडनिवड फक्त आपलीच नाही हो! मातियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्यानं १९९६ मध्ये केडीईची कल्पना मांडली, तेव्हा त्याचं म्हणणंच होतं, की हे तंत्रज्ञांसाठी नको, रोज वापरणाऱ्यासाठी हवं. पुढच्याच वर्षी मेक्सिकोतल्या दोघा तरुणांनी ग्नोम सुरू केलं. २०११ मध्ये ग्नोमनं आपलं रूप पार बदललं आणि जगभर आरडाओरडा झाला. खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीईकडे गेले. काही काळानं ते ग्नोमकडे परतलेसुद्धा! काहींनी मात्र जुनीच मांडणी 'माते' या नावानं जिवंत ठेवली. पाककृती खुली असल्याचा हा फायदा. कंपनीनं बदललं म्हणून आपण मुकाट्यानं बदलायचं, असं इथे नसतं.

मराठीची सोय

या खुल्या जगात मराठी आणण्यात पुण्याचा मोठा हात आहे. डीटीपीवाल्यांना ठाऊक असलेली 'श्रीलिपी' तयार करणारी पुण्याची मॉड्युलर इन्फोटेक कंपनी. तिनंच घडवलेले 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटनं २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ग्नोम आणि केडीईचे मेनू मराठीत आणायला रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषांतरकारांनी बरीच मेहनत घेतली. त्यामुळे मेनू मराठीत करता येतो. काही शब्द इंग्रजीच राहतात, काही मराठी शब्द जड वाटतात. पण इंग्रजीला बिचकणाऱ्या सासूबाईंना किंवा शाळकरी लेकीला त्याचा आधार वाटतो, हे खरं.

आधी एवढं बघा

* टॅलीवर हिशेब किंवा श्रीलिपीत डीटीपीचं काम करत असाल, तर घाई नको. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत.
* फोटो, कागदपत्रं आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.
* लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, कॉम्प्युटरवर न बसवता, नुसतं चालवून बघता येतं. पेन ड्राइव्ह जाणकाराकडून करून घ्या, पण माऊस आपल्या हातात ठेवा.
* प्रिंटर, वायफाय आणि मराठी टायपिंग तेव्हाच तपासा. वर्ड-एक्सेलच्या फाइली 'लिब्रे ऑफिस'मध्ये उघडून बघा. मजकूर थोडा सरकू शकतो.
* मशीन जुनं, मेमरी कमी असेल तर एक्सएफसीई. विंडोजची सवय असेल तर सिनॅमन. नव्याची हौस असेल तर ग्नोम. बारीकसारीक बदलायची आवड असेल तर प्लाझ्मा.

घरातला मुलगा, भाचा किंवा दुकानदार 'हेच बेस्ट' म्हणून एक मांडणी बसवून देईल. त्याच्या दृष्टीनं ती असेलही बेस्ट! पण कॉम्प्युटरवर बिलं, पत्रं, क्लासचे हिशेब तुम्ही करणार आहात. चार दिवस वापरा, नाही जमलं तर दुसरी बघा. मिसळणाचा डबा कुठे ठेवायचा हे जसं आपण ठरवतो, तसं हेही आपणच ठरवायचं!