मुलाची वाणी आणि घरची भाषा

चेन्नई शहराच्या दक्षिण भागातील गिंडी हे विद्या आणि उद्योग यांचे जुने ठाणे होय. १७९४ साली निघालेल्या भूमापन शाळेतून विकसित झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे; १९५८ साली येथे औद्योगिक वसाहतही उभी राहिली. साहजिकच नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे या परिसरात येऊन राहतात. त्यांपैकी एखाद्या मराठी कुटुंबातील बालकाच्या कानांवर घरात मराठी, शेजारी तमिळ आणि पुढे शाळेत इंग्रजी पडते. असे मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही बोलेनासे झाले, की आप्तेष्ट सल्ला देतात : ‘घरातले मराठी बंद करा, इतक्या भाषांनी मूल गोंधळते.’ हा सल्ला कितपत योग्य आहे?

ध्वनींची ओळख

मूल बोलू लागण्याच्या पुष्कळ आधी ऐकू लागते. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांतच आईचा आवाज त्याच्या कानी पोहोचतो, आणि नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजापेक्षा तो अधिक पसंत करते, असे १९८० साली प्रयोगाने दाखविण्यात आले. १९८४ साली जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस या शास्त्रज्ञांनी ‘त’ आणि ‘ट’ यांसारख्या ध्वनींतील भेद इंग्रजी भाषक घरांतील बालकांना कळतो काय, हे तपासले. सहा ते आठ महिन्यांच्या बालकांना तो सहज कळत असे; वर्षाच्या सुमारास मात्र बहुतेकांची ती शक्ती ओसरलेली आढळली. कारण त्यांच्या घरी त्या भेदाची गरजच पडत नव्हती. जे ध्वनी नित्य कानी पडतात, त्यांच्याकरिता मूल आपले कान जणू घडवून घेते. मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषा ऐकणारे मूल दोहोंकरिता ते घडविते.

दोन भाषा, एक मूल

गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळ आणि काळविटे आहेत. तेथे आजीने नातवाला ‘बघ, त्याची मान केवढी उंच!’ असे म्हणावे आणि शेजारच्या तमिळ बाईंनी त्याच प्राण्याकडे बोट दाखवून ‘मान’ म्हणावे. आजीच्या शब्दाचा अर्थ गळ्याचा भाग, तर तमिळ शब्दाचा अर्थ हरिण. त्याचप्रमाणे मराठी ‘पाल’ भिंतीवर असते, तमिळ ‘पाल’ पेल्यात असते. कारण तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. मोठ्या माणसास हा घोटाळा वाटेल. परंतु कोण बोलत आहे आणि कशाकडे पाहून बोलत आहे, यावरून मूल अर्थ लावू शिकते. एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द आले, तर तेही गोंधळाचे लक्षण नव्हे. जो शब्द प्रथम आठवला तो मुलाने वापरला, इतकेच.

अशा मुलाची शब्दसंपत्ती मोजताना दोन्ही भाषांतील शब्द एकत्र धरावे लागतात. तीस शब्द मराठी आणि पंचवीस तमिळ येत असता केवळ मराठी शब्द मोजणे हा मुलावर अन्याय होय. दोन भाषा ऐकल्यामुळे वाणीचा दोष उत्पन्न होत नाही, असेच आजवरच्या संशोधनाचे सांगणे आहे.

याचा जुना दाखला तमिळनाडूतच आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावर येथे मराठी राज्य स्थापिले. ते राज्य १८५५ साली लयास गेले. परंतु तेथील मराठी मंडळींच्या अनेक वंशजांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. बाहेरचा सर्व व्यवहार तमिळमध्ये चालत असता ही भाषा टिकली ती घराच्या उंबऱ्याआत, वडीलधाऱ्यांनी मुलांशी ती बोलत राहिल्यामुळे.

घरी काय करावे

पालकांनी मुलाशी त्याच भाषेत बोलावे, जिच्यात त्यांना हसता, रागावता आणि गोष्ट सांगता येते. अपुऱ्या येणाऱ्या भाषेत बोलू लागलेल्या आईचे बोलणेच आटते आणि मुलाचे नुकसान होते.

न्हाऊ घालताना, भाजी निवडताना, जिना उतरताना जे चालले आहे ते बोलून दाखवावे. प्रश्न विचारल्यावर लगेच स्वतःच उत्तर देऊ नये; क्षणभर थांबावे. मुलाचे नुसते हुंकारणे किंवा बोट दाखविणे हेही उत्तरच असते. मूल ‘भूभू’ म्हणाले, तर ‘होय, भूभू झोपला आहे’ असे म्हणून त्याचा शब्द वाढवून परत द्यावा. उच्चार चुकला तर टोकू नये; तोच शब्द शुद्ध रूपात सहज बोलावा. अंगाईगीते आणि बडबडगीते यांतील पुनरुक्ती मुलांना फार उपकारक ठरते.

हे काम यंत्रावर सोपवू नये. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांनी चिनी भाषेतील ध्वनिभेद प्रत्यक्ष माणसाच्या सहवासात आत्मसात केले; तेच बोलणे चित्रफितीवरून दाखविले असता ती काहीच शिकली नाहीत. यंत्र बोलते, पण मुलाच्या हुंकाराची वाट पाहत नाही.

केव्हा विलंब करू नये

वर्षाचे मूल बडबडत नसेल आणि बोटही दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द उच्चारीत नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडीत नसेल, अथवा आलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘उशिरा बोलेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. अल्प बहिरेपण पुष्कळदा घरच्यांच्या ध्यानी येत नाही, कारण मोठ्या आवाजाकडे मूल वळून पाहते. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांची तपासणी अंतर्भूत आहे. म्हैसूर येथे १९६५ साली, तर मुंबईत १९८३ साली या विषयाच्या राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्या.

दोष आढळलाच, तरीही घरची भाषा सोडण्याचे कारण नाही. मराठी बंद केल्याने बहिरा कान ऐकू लागत नाही. उलट दोष ओळखण्यात मोलाचे महिने निघून जातात. अशा मुलास तर घरच्यांच्या बोलण्याची गरज इतरांहून अधिक असते.