शिंका कशामुळे? गोल्डन रॉडवर उगाच आळ

सत्काराच्या गुच्छात गुलाबांच्या मधून पिवळ्या, नाजूक तुऱ्यांची फांदी डोकावते, ती गोल्डन रॉडची. ‘हे फूल जवळ आले की शिंका येतात,’ अशी काहींची तक्रार असते. उत्तर अमेरिकेत हे मूळचे रानफूल. तेथेही त्याच्यावर हाच आळ येतो. तरी नेब्रास्का राज्याने १८९५ मध्ये त्याला राज्यपुष्पाचा मान दिला!

ही वनस्पती बहुवर्षायू आहे. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो. पण जमिनीखालचे आडवे खोड जिवंत राहते व त्यातून पुन्हा धुमारे फुटतात. दांडा सरळ, पाने अरुंद, एकाआड एक. आपण ज्याला एक फूल समजतो, तो अनेक बारीक फुलांचा झुबका असतो. ताडकळस परिसरातील शेतकऱ्यांनी करडईच्या बोंडात हीच रचना पाहिलेली आहे, कारण दोघांचे कूळ एकच.

या फुलाचे पराग जड आणि चिकट. ते मधमाश्यांच्या अंगाला चिकटून जातात, वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. मग नाकात जाणार कसे? अमेरिकेतील खरा गुन्हेगार रॅगवीड हे तण. ते त्याच हंगामात फुलते. फुले हिरवट, नजरेत न भरणारी. पराग मात्र हलके.

या रॅगवीडचे जवळचे भाऊबंद म्हणजे आपले गाजरगवत. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे बांधाबांधावर पोचले. त्याच्या परागांनी शिंका, नाक गळणे, दमा उद्भवतो. त्यातील पार्थेनिन या द्रव्याने पापण्या, मान, कोपराचा खळगा येथील कातडी लाल होऊन खाजते व पुढे जाड पडते. पुष्कळ जण गजकर्ण समजून दुकानातून मलम आणतात. तेथेच दुखणे वाढते.

गोल्डन रॉड अगदीच निर्दोष मात्र नव्हे. गाजरगवताने ज्यांची कातडी बिघडली आहे, त्यांना शेवंती किंवा गोल्डन रॉड हाताळल्यानेही खाज सुटू शकते. फूलविक्रेत्यांनी हे ध्यानात ठेवावे.

गाजरगवत फुलण्यापूर्वीच, ओल असताना मुळासकट उपटावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, नाकातोंडाला रुमाल बांधावा आणि काम संपताच साबणाने हातपाय धुऊन कपडे बदलावेत. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. छातीत घुरघुर होऊन दम लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे.