फायनल एक्स्पेन्स: कमिशनचं नंतर बघू

अमेरिकेत ‘फायनल एक्स्पेन्स’ म्हणजे अंत्यविधीच्या खर्चापुरता छोटा आयुर्विमा. मी इकडे तोच विकतो. नवीन एजंट आला की पहिला प्रश्न, ‘कोणती कंपनी कमिशन जास्त देते?’ अरे, आधी गिऱ्हाईक बघा ना! सत्तरीचं माणूस, शुगर किंवा दम्यासारखं काहीतरी असणारच. एखादी कंपनी इन्सुलिन चालवून घेते, पहिल्या दिवसापासून पूर्ण कव्हर देते. दुसरी त्याच माणसाला नाकारते, मग उरतो ‘गॅरंटीड इश्यू’. त्यात तब्येतीचे प्रश्नच नाहीत, पण पहिल्या 2 वर्षांत आजारपणाने माणूस गेलं, तर घरच्यांना साधारण भरलेले हप्ते आणि वर थोडं व्याज. अंत्यविधी मग उधारीवर. म्हणून सुरुवातीला तीन-चार कंपन्या पुरे, पण प्रत्येकीचे आरोग्याचे प्रश्न तोंडपाठ हवेत.

आणि हो, सोशल सिक्युरिटीचे पैसे बऱ्याच जणांना महिन्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या बुधवारी मिळतात. त्याच दिवशी हप्ता कापणारी कंपनी बघा. खातं रिकामं असताना कापायला गेली, की हप्ता बाउन्स, पुढे पॉलिसी बंद, आणि तुम्हाला आगाऊ दिलेलं कमिशनही कंपनी परत मागते.